अहवालाचा संदर्भ देताना...

हिमालयातील हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे विधान २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अहवालात करण्यात आले होते. हा अहवाल होता हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या ‘आयपीसीसी’ या आंतरराष्ट्रीय मंडळाचा. त्याच वर्षी या मंडळाला शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. साहजिकच या विधानावर शंका घेण्याचे फारसे कुणाच्या मनात आले नाही आणि ते जगभर उद्धृत होत राहिले. पुढे २० जानेवारी २०१० रोजी मंडळाला निवेदन काढून या परिच्छेदाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. पुरेशा आधाराविना अंदाज दिला गेला आणि पुराव्याची ठरलेली पद्धत नीट पाळली गेली नाही, अशी कबुली त्यात होती.

चूक नेमकी कुठे झाली, हे प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. अहवालाने या विधानासाठी ‘वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर’ या संस्थेच्या २००५च्या अहवालाचा हवाला दिला होता. त्या संस्थेने २०३५ हे वर्ष घेतले होते ‘न्यू सायंटिस्ट’ या नियतकालिकातील १९९९च्या एका वृत्तलेखातून. हा लेख एका शास्त्रज्ञाशी झालेल्या संभाषणावर आधारलेला होता. म्हणजे साखळीच्या टोकाला तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध नव्हताच.

याच परिच्छेदात आणखी एक विधान होते. हिमनद्यांचे क्षेत्र २०३५पर्यंत पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल, असे त्यात म्हटले होते. हेच आकडे ‘युनेस्को’ने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात आढळतात. मात्र तेथे वर्ष आहे २३५०, आणि क्षेत्र आहे ते ध्रुवीय प्रदेश वगळून साऱ्या पृथ्वीवरील हिमाचे, केवळ हिमालयाचे नव्हे. मूळ पान उघडून पाहिले असते, तर हा फरक लगेच ध्यानात आला असता.

हिमनद्या वितळत आहेत हा त्या अहवालाचा मूळ निष्कर्ष या चुकीने खोटा ठरला नाही. तरीही ९३८ पानांच्या खंडातील एका परिच्छेदामुळे संपूर्ण अहवालाच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह उभे करण्याची संधी विरोधकांना मिळाली.

लेखक कोण?

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते. अहवालाचे तसे नसते. आपल्याकडे समित्या व आयोग अध्यक्षांच्या नावाने ओळखले जातात आणि विद्यार्थीही तेच नाव संदर्भसूचीत लिहून मोकळे होतात. ‘गाडगीळ अहवाल’ हे बोलण्यातले नाव झाले. अहवालाचा कर्ता आहे पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट आणि त्याची नेमणूक केली होती केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने. डॉ. माधव गाडगीळ हे त्या गटाचे अध्यक्ष. तीच गोष्ट कस्तुरीरंगन अहवालाची. तो आहे उच्चस्तरीय कार्यगटाचा, एप्रिल २०१३चा. दोहोंचा विषय पश्चिम घाट हाच असला, तरी शिफारशी वेगळ्या आहेत. एकाचे मत दुसऱ्याच्या नावावर गेले, तर सारा युक्तिवादच कोसळतो.

व्यक्तीच्या नावामुळे आणखीही घोटाळे होतात. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी नीळकंठ रथ यांच्यासह केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास १९७१चा. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाबाबतच्या सत्यशोधन समितीचा अहवाल १९८४चा. समितीचे अध्यक्ष दांडेकरच. पहिला ग्रंथ दोन लेखकांचा, दुसरा शासनाने नेमलेल्या समितीचा. प्रबंधात नुसते ‘दांडेकर’ असे लिहिले, तर वाचकाने काय समजावे?

कोणते वर्ष, कोणता खंड?

अहवाल सादर होतो एका वर्षी, जाहीर होतो दुसऱ्या वर्षी आणि गाजतो तिसऱ्याच वर्षी. मंडल आयोगाने आपला अहवाल डिसेंबर १९८० मध्ये सादर केला. अंमलबजावणीची घोषणा झाली ती ऑगस्ट १९९० मध्ये. ‘मंडल आयोग, १९९०’ अशी नोंद म्हणूनच चुकीची ठरते. पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला, पण लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये. अशा वेळी अहवालाच्या प्रतीवर छापलेले वर्ष घ्यावे आणि जाहीर होण्याची तारीख महत्त्वाची असल्यास ती मजकुरात स्वतंत्रपणे सांगावी.

स्वामिनाथन आयोगाचे उदाहरण तर नेहमीचे. हमीभावाच्या प्रत्येक चर्चेत त्याचा उल्लेख होतो, जणू तो एकच ग्रंथ आहे. वास्तविक राष्ट्रीय शेतकरी आयोगाने डिसेंबर २००४ ते ऑक्टोबर २००६ या काळात एकूण पाच अहवाल सादर केले. यांपैकी कितवा अहवाल, त्यातील कोणते प्रकरण आणि कोणते पान हे सांगितल्याविना दिलेला संदर्भ तपासणे कुणालाही शक्य नाही. सरकारी अहवालांत अनेकदा परिच्छेदांना क्रमांक असतात. छापील व संगणकीय प्रतींची पाने जुळत नसतील, तर हा परिच्छेद क्रमांक फार उपयोगी पडतो.

नोंद कशी करावी?

सामाजिक शास्त्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एपीए’ पद्धतीत अहवालाच्या नोंदीचा क्रम असा असतो: लेखक किंवा संस्था, वर्ष, तिरप्या टाइपात शीर्षक, अहवाल क्रमांक असल्यास तो, प्रकाशक आणि शेवटी इंटरनेटवरील पत्ता. लेखक व प्रकाशक ही एकच संस्था असेल, तर नाव दुसऱ्यांदा लिहिले जात नाही. नमुन्यादाखल:

पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट (२०११). पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाचा अहवाल, भाग १. पर्यावरण व वन मंत्रालय, भारत सरकार.

अहवाल इंग्रजीत वाचला असेल, तर सूचीत त्याचे इंग्रजी शीर्षकच द्यावे. भाषांतरित शीर्षकावरून ग्रंथालयात शोध घेणे अवघड जाते. विद्यापीठागणिक पद्धत बदलते, तेव्हा आपल्या विभागाची नियमावली आधी पाहावी आणि एकदा निवडलेली पद्धत अखेरपर्यंत सांभाळावी.

वाचले तेच सांगावे

सर्वांत मोठी चूक होते ती दुय्यम संदर्भात. एखाद्या लेखात ‘अमुक आयोगाच्या मते’ असे वाक्य वाचायचे आणि तळटीप मात्र थेट आयोगाच्या अहवालाची द्यायची, हा प्रकार सर्रास चालतो. हिमनद्यांच्या परिच्छेदाने दाखवला तो हाच धोका. पहिला मार्ग म्हणजे मूळ अहवाल मिळवून ते पान वाचणे. तो खरोखरच मिळत नसेल, तर मजकुरात मूळ अहवालाचे नाव घेऊन ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे आणि सूचीत फक्त आपण वाचलेला ग्रंथ द्यावा. यात कमीपणा काहीच नाही.

वर्तमानपत्रातील बातमीलाही हाच नियम लागू आहे. अहवालाची बातमी वाचली असेल, तर संदर्भ बातमीचा द्यावा, अहवालाचा नव्हे. मसुदा व अंतिम प्रत यांतही गल्लत होऊ देऊ नये. संकेतस्थळावरून घेतलेली प्रत स्वतःजवळ जतन करावी आणि ती पाहिल्याची तारीख टिपून ठेवावी. मंत्रालयांची संकेतस्थळे बदलतात, जुने दुवे बंद पडतात. नंतर शुद्धिपत्र निघाले आहे का, हेही पाहावे.

संगणक काय पकडतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याबाबत नियम केले. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. ते दहा ते चाळीस टक्के असल्यास सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत सादर करावा लागतो. साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते. रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात.

मात्र संगणकाची ही तपासणी सांगते ती मजकुराच्या साम्याबद्दल. २३५०चे २०३५ झाले आहे किंवा कस्तुरीरंगन कार्यगटाची शिफारस गाडगीळ गटाच्या नावावर गेली आहे, हे तिला कळत नाही. ते काम विद्यार्थ्याचे आणि त्याच्या मार्गदर्शकाचे. प्रबंध बांधणीला देण्यापूर्वी सूचीतील प्रत्येक अहवाल पुन्हा एकदा उघडावा आणि आपण उद्धृत केलेले वाक्य व आकडा त्या पानावर खरोखरच आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.