विक्रेता अडून बसला, तर?

घर घेताना मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची बचत पणाला लागलेली असते. नव्या प्रकल्पात सदनिका घेणाऱ्याला विकासकाविरुद्ध ‘महारेरा’कडे तक्रार करता येते. जुन्या सदनिकेच्या पुनर्विक्रीत मात्र विक्रेता हा विकासक नसून आपल्यासारखाच सामान्य सदनिकाधारक असतो. त्याच्याशी वाद झाल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि तेथील निकालाला वर्षे लागू शकतात. विसार घेतल्यावर भाव वाढवून मागणे, कागदपत्रे दाखवण्यास टाळाटाळ करणे, काही रक्कम रोखीने मागणे, ‘मुलगा परदेशातून आला की सही करू’ असे सांगत महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणे, हे प्रकार मुंबई-पुण्यात नवीन नाहीत. अशा विक्रेत्याचा स्वभाव बदलणे खरेदीदाराच्या हाती नसते. मात्र कोणती रक्कम कोणत्या कागदाच्या बदल्यात द्यायची, हे ठरवणे पूर्णपणे त्याच्या हाती असते.

विसार देण्यापूर्वी

मालमत्तेतील व मालकी हक्कातील महत्त्वाचे दोष सांगणे आणि मागणी केल्यावर हक्काची कागदपत्रे तपासणीसाठी देणे, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याचे कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत. विकासकापासून आजवरचे सर्व नोंदणीकृत करारनामे, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीच्या देण्यांचा ताजा हिशेब आणि मालमत्ता कराची पावती पाहिल्याखेरीज धनादेश लिहू नये. दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींचा साधारणपणे ३० वर्षांचा शोध वकिलामार्फत घ्यावा. मूळ कागद ‘बँकेत आहेत’ असे उत्तर मिळाल्यास थकीत कर्जाचे बँकेचे पत्र मागावे.

सदनिका वारसाहक्काने आलेली असेल, तर अधिक सावध राहावे. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने तिचे नाव लावले असले, तरी अन्य वारसांचा हक्क संपत नाही. सर्व वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र असल्याशिवाय पुढे जाऊ नये. वृत्तपत्रातील जाहीर नोटिशीचा खर्च अशा वेळी मुळीच वाया जात नाही. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

विसारपावती आणि साठेखत

साध्या कागदावरील ‘पैसे मिळाले’ एवढ्या ओळीवर व्यवहार सोडू नये. सदनिकेचा तपशील, एकूण किंमत, हप्त्यांच्या तारखा, साठेखताची अंतिम मुदत आणि ताब्याची तारीख पावतीत असावी. गृहकर्ज नामंजूर झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष आढळल्यास विसार किती दिवसांत परत मिळेल, हेही लिहून घ्यावे. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. त्याचा दंड घेणाऱ्यावर बसत असला, तरी वाद झाल्यास रोखीची रक्कम सिद्ध करणे देणाऱ्याला जड जाते.

त्यानंतर शक्य तितक्या लवकर साठेखताची नोंदणी करावी. ताबा देण्याचे मान्य केलेल्या साठेखतावर महाराष्ट्रात खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क द्यावे लागते. नंतरच्या खरेदीखतावर ते पुन्हा पूर्ण भरावे लागत नाही. म्हणून शुल्क वाचवण्यासाठी नोंदणी लांबवण्यात हशील नाही. नोंदणी नसलेल्या साठेखतावर करारपूर्तीचा दावा करता येतो. परंतु त्याच्या आधारे ताबा घेतला असल्यास २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या ताब्याला कायद्याचे संरक्षण मिळत नाही.

भाव वाढवून मागितल्यास

अशा वेळी दूरध्वनीवरील वादावादी निरुपयोगी ठरते. करारातील तारखेपूर्वीच ‘उर्वरित रक्कम तयार आहे, नोंदणीसाठी अमुक दिवशी यावे’ असे लेखी कळवावे. दाद न दिल्यास वकिलामार्फत नोटीस पाठवावी. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये झालेल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा हुकूम पूर्वीसारखा न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेला नाही. तरीही आपण सतत ‘तयार व इच्छुक’ होतो, हे खरेदीदारालाच सिद्ध करावे लागते. बँकेचे कर्जमंजुरीपत्र, खात्याचा उतारा आणि पाठवलेल्या पत्रांच्या पोचपावत्या हाच त्याचा पुरावा. हुकूम होऊनही विक्रेत्याने सही नाकारली, तर त्याच्या वतीने न्यायालय दस्त करून देऊ शकते.

दाव्याची मुदत करारातील तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसल्यास नकार कळल्यापासून, ३ वर्षे आहे. मात्र मुदत आहे म्हणून स्वस्थ बसणाऱ्या खरेदीदाराला फटका बसू शकतो, असा इशारा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मधील एका निकालात दिला आहे. महाराष्ट्रात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही, तर ‘प्रलंबित दाव्या’च्या तत्त्वाचे संरक्षण मिळत नाही आणि विक्रेत्याने ती सदनिका तिसऱ्याला विकल्यास गुंता वाढतो.

व्यवहार सोडायचा असेल तर

प्रत्येक घरासाठी न्यायालयात जाणे परवडत नाही. विक्रेत्याने पूर्तता केली नाही, तर दिलेल्या रकमेपुरता त्या मालमत्तेवर खरेदीदाराचा भार कलम ५५ नेच निर्माण होतो. खरेदीदाराने स्वतः विनाकारण ताबा नाकारला असल्यास मात्र नाही. हा मुद्दा नोटिशीत स्पष्टपणे मांडल्यास पैसे परत मिळण्याची शक्यता वाढते. करारपूर्तीचा दावा केलाच, तर विसार परत मिळण्याची पर्यायी मागणीही त्याच दाव्यात करावी. सामंजस्याने व्यवहार मोडल्यास रक्कम खात्यात जमा झाल्यावरच रद्दलेखावर सही करावी.

अखेरचा हप्ता

ठरलेली किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असेल, तर निवासी विक्रेत्याला रक्कम देताना १ टक्का आयकर कापून सरकारजमा करणे ही खरेदीदाराचीच जबाबदारी आहे. विक्रेत्याने कितीही कुरकुर केली, तरी ती टळत नाही. विक्रेता अनिवासी असल्यास किमतीची ही मर्यादा लागू नसते आणि कपातीचा दरही बराच अधिक असतो. त्यामुळे त्याची निवासी स्थिती आधीच विचारावी.

सोसायटीच्या नावाखाली होणारी अडवणूकही ओळखून असावे. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी सोसायटीचे ‘ना हरकत’ सक्तीचे नाही. कर्ज देणाऱ्या बँका मात्र ते सहसा मागतात. महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचे अधिमूल्य २००१ च्या शासन निर्णयानुसार २५ हजार रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाही. ते कोणी भरायचे, हे साठेखतातच लिहावे.

विक्रेत्याचे कर्ज बाकी असेल, तर तेवढी रक्कम थेट त्याच्या बँकेला द्यावी. घरात भाडेकरू असल्यास तो बाहेर पडल्याची स्वतः खात्री करावी. मोठा हप्ता दस्तनोंदणीच्या वेळी आणि अखेरची लक्षणीय रक्कम रिकाम्या घराच्या किल्ल्या व मूळ कागदपत्रे हाती पडताना द्यावी. सगळे पैसे आधीच दिल्यावर विक्रेत्याला घाई उरत नाही. काही रक्कम बाकी असेल, तोवर तोच स्वतः दूरध्वनी करून तारीख विचारतो.