व्यापारी श्वानखाद्यातील वराहमांस : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मनुष्य व कुत्रा यांचे साहचर्य प्राचीन आहे. परंतु कुत्र्याचे अन्न बाजारातून विकत आणण्याची प्रथा मात्र दीड शतकाहून फारशी जुनी नाही. घरातील उरलेसुरले अन्न आणि खाटकाकडील टाकाऊ तुकडे हाच तोवर त्याचा आहार होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या आहाराचा उद्योग झाला आणि त्यात कोणते मांस जावे, हे कुत्र्याच्या गरजेपेक्षा कत्तल-उद्योगाच्या हिशेबाने ठरू लागले. वराहमांस हे याचे बोलके उदाहरण होय. हा घटक श्वानखाद्यात बराच काळ वावरला, तो बहुधा स्वतःच्या नावाने नव्हे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेच्या संदर्भात या प्रक्रियेचा आढावा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) वराहमांस श्वानखाद्यात येण्यामागील आर्थिक कारणांचा शोध घेणे.
२) वराहमांसाशी निगडित रोगभयाचा या उद्योगावरील परिणाम तपासणे.
३) वेष्टनावरील शब्द आणि प्रत्यक्ष घटक यांतील संबंध स्पष्ट करणे.

उपपदार्थांचे अर्थकारण :
ओहायो नदीकाठचे सिनसिनाटी शहर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील वराहमांस-व्यापाराचे प्रमुख केंद्र होते; त्यास थट्टेने ‘पोर्कोपोलिस’ असे म्हटले जाई. मांस खारवून पिंपात भरले की मागे चरबी उरे, आणि त्या चरबीवर साबण व मेणबत्त्यांचे कारखाने उभे राहिले. प्रॉक्टर अँड गँबल ही कंपनी १८३७ मध्ये येथेच स्थापन झाली. यादवी युद्धाच्या काळात हे अग्रस्थान शिकागोकडे गेले. तेथे १८६५ मध्ये युनियन स्टॉक यार्ड्स सुरू झाले आणि डुकराच्या किंकाळीखेरीज काहीही वाया जात नाही, अशी म्हण रूढ झाली.

पहिले व्यापारी श्वानखाद्य बनविणारा जेम्स स्प्रॅट हाही सिनसिनाटीचाच होता, हा योगायोग लक्षणीय आहे. मात्र १८६० च्या सुमारास लंडनमध्ये त्याने विक्रीस आणलेल्या बिस्किटांत गव्हाचे पीठ, बीट व वाळविलेले मांस असे, आणि प्रचारात अमेरिकी कुरणांवरील गोमांसाचा उल्लेख होई. वराहमांसाची आघाडीवर जाहिरात करण्याचे धाडस त्या काळी कोणी केले नाही, यास पुढील कारण असावे.

रोगभय आणि उष्णता :
डुकराच्या स्नायूंत आढळणाऱ्या ट्रायकिना या कृमीच्या भीतीने इटलीने १८७९ मध्ये, जर्मनीने १८८० मध्ये व फ्रान्सने १८८१ मध्ये अमेरिकी वराहमांसाच्या आयातीवर निर्बंध घातले. मांसतपासणीचे अमेरिकी कायदे झाल्यानंतर, १८९१ पासून, हे निर्बंध उठू लागले. पुढे १९०२ मध्ये हंगेरीतील आलादार आउयेस्की यांनी आज त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे वर्णन केले. या विषाणूचा नैसर्गिक आश्रयदाता डुक्कर होय. परंतु दूषित कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यास तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. अमेरिकेतील व्यापारी कळप या रोगापासून मुक्त होण्यास २००४ साल उजाडावे लागले.

या दोन्ही संकटांवर पुरेशी उष्णता हा उपाय आहे. त्यामुळे शेतावर कच्चे डुकराचे मांस कुत्र्यास घालणे धोक्याचे, पण तेच मांस डब्यात शिजवून विकणे निर्धोक, अशी स्थिती निर्माण झाली. कारखान्याला वराहमांस वापरता आले ते या उष्णतेच्या बळावर. उष्णतेची ही पायरी कच्ची राहिली की धोका परततो. २०१९ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांना चघळण्यास दिल्या जाणाऱ्या वाळविलेल्या डुकराच्या कानांमुळे दीडशेहून अधिक माणसांना साल्मोनेलाची बाधा झाली, ती याच प्रकारची घटना होय.

डब्याकडून पिशवीकडे :
१९२२ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथील चॅपेल बंधूंनी ‘केन-एल रेशन’ हे डबाबंद खाद्य आणले. त्याचा आधार घोड्याचे मांस हा होता. यंत्रे आल्यामुळे घोडे निरुपयोगी व स्वस्त झाले होते. पुढे स्विफ्टचे ‘पार्ड’, विल्सनचे ‘आयडियल’ अशी मोठ्या मांस-कंपन्यांची खाद्ये बाजारात आली. या कंपन्यांच्या कत्तलखान्यांत गाय व डुक्कर दोन्ही येत असल्याने यकृत, फुप्फुसे, प्लीहा आदी अवयवांना येथे हक्काचे गिऱ्हाईक मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात कथिलाची टंचाई झाली आणि १९४२ पासून डब्यांवर निर्बंध आले. उद्योग कोरड्या खाद्याकडे वळला. १९५७ मध्ये प्युरिनाने दाबयंत्रातून फुगवून काढलेले दाणेदार खाद्य विक्रीस आणले. या दाण्यांना आकारासाठी पिठूळ धान्य, प्रथिनांसाठी मांसाची भुकटी आणि चवीसाठी वरून फवारलेली चरबी लागे. कत्तलीतील अवशेष उष्णतेने वितळवून चरबी व भुकटी वेगळी करणाऱ्या कारखान्यांना त्यामुळे महत्त्व आले. अशा कारखान्यात अनेक प्राण्यांचे अवशेष एकत्र येत. घोड्याला निदान लोकभावनेचा आधार मिळून १९७१ मध्ये रानघोड्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. डुकराच्या बाजूने तसा आवाज उठला नाही.

शब्दाआड दडलेला प्राणी :
अमेरिकेत १९०९ मध्ये राज्यांच्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली. तिच्या व्याख्येनुसार ‘मांस’ या शब्दापुढे प्राण्याचे नाव नसेल तर ते गाय, डुक्कर, मेंढी वा शेळी यांपैकी कोणाचेही असू शकते. याउलट, नाव ठळकपणे मिरवायचे असल्यास प्रमाण ठरलेले आहे. उत्पादनाच्या नावात केवळ ‘पोर्क’ असेल तर, प्रक्रियेसाठीचे पाणी वगळता, ९५ टक्के वराहमांस हवे. जोडीला ‘डिनर’ शब्द असेल तर २५ टक्के पुरतात. ‘पोर्कसह’ म्हणण्यास ३ टक्के, आणि ‘पोर्कचा स्वाद’ म्हणण्यास जाणवेल इतका अंश पुरे.

प्राणी वेगळा ओळखण्याची निकड प्रथम रोगामुळे भासली. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गाईंतील मेंदूरोगाचे निदान झाले आणि १९९० मध्ये तसाच रोग एका पाळीव मांजरात आढळला. अमेरिकेने १९९७ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खाद्यात सस्तन प्राण्यांची प्रथिने घालण्यास सर्वसाधारण बंदी केली, परंतु निव्वळ डुकराच्या वा घोड्याच्या प्रथिनांना सूट दिली. मिश्र ढिगात हरवलेल्या डुकराला वेगळे काढण्यास अशा रीतीने आर्थिक मोल आले.

२००७ मध्ये हे चक्र उलटही फिरले. मेलामाइनयुक्त चिनी घटकांमुळे पाळीव प्राण्यांचे खाद्य मोठ्या प्रमाणावर परत मागविण्यात आले, तेव्हा असे दूषित खाद्य भंगारात निघून अनेक राज्यांतील डुकरांच्या गोठ्यांत पोचल्याचे उघड झाले. डुकराचे अवशेष कुत्र्याकडे आणि कुत्र्याच्या खाद्याचे अवशेष डुकराकडे, हा व्यवहार ग्राहकाला प्रथमच दिसला.

निष्कर्ष :
१) वराहमांस श्वानखाद्यात आले ते मुख्यतः उपपदार्थांना गिऱ्हाईक हवे होते म्हणून, पोषणाचा विचार नंतरचा.
२) रोगभयाने त्यास बाहेर ठेवले नाही, कारखान्यातील उष्णतेवर अवलंबून मात्र केले.
३) ‘मांस’ हा सर्वसमावेशक शब्द उत्पादकास दर उतरेल तसा प्राणी बदलण्याची मुभा देतो. एखाद्या विशिष्ट मांसाची ॲलर्जी असलेला कुत्रा आणि धर्माने वराहमांस वर्ज्य मानणारे कुटुंब या दोघांनाही त्या शब्दातून काहीच कळत नाही. परदेशी खाद्याची पाकिटे आज आपल्याकडील शहरांतही विकली जातात. त्यामुळे प्राण्याचे नाव वेष्टनावर असणे ही ग्राहकहक्काची किमान मागणी ठरते.