वऱ्हाडातली खिडकी

अमरावतीच्या परकोटाला पाच वेशी आणि चार खिडक्या. त्या खिडक्यांतून वाऱ्याबरोबर माणसेही जात-येत; कारण तिथे खिडकी म्हणजे तटातले लहान दार. निजामाच्या राजवटीत, १८०७ साली, पेंढाऱ्यांपासून व्यापारी पेठ वाचावी म्हणून हा तट बांधायला घेतला गेला.

ज्या गावांना तट नव्हता, तिथे घरानेच तटाचे काम केले. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, वर धाबे, रस्त्याकडे फक्त दार. उजेडाला धाब्यात एखादे भोक, नाहीतर भिंतीत उंचावर वीतभर झरोका. वैशाखात असे घर गार राही हे खरे; पण त्या गारव्यापोटी अंधार सोसावा लागे.

१८१७-१८ च्या मोहिमेत पेंढारी मोडले. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तसा आपल्या कापसाला भाव चढला; आणि १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. कापूस ज्या वाटेने जाई, त्याच वाटेने बिजागऱ्या, गज, काचा येणे सोपे झाले. सागवान तर आपल्या यवतमाळच्या रानातलेच. भिंतीला मोठी चौकट बसली आणि झडपा उघडल्या.

पण कोणासाठी? मी पाहिलेल्या जुन्या घरांत पहिली खिडकी बैठकीला, शेवटची स्वयंपाकघराला. आमच्याकडेही बैठकीला दोन खिडक्या होत्या आणि आई चुलीपुढे डोळे पुसत बसे. तिचा खोकला आम्ही वयाचा समजत होतो.

म्हणून आर्णीत घर बांधताना सुताराला मी पहिली चौकट स्वयंपाकघराची करायला सांगितली. सरकत्या काचांचा विषय निघाला, पण त्या एका वेळी निम्म्याच उघडतात. झडपा सबंध खिडकी मोकळी करतात. सुतार म्हणाला, "गुर्जी, झडप बाहीर उघडू द्या. पानी बाहीरच निथळते." शिवाय गजांतून हात घालून ती ओढून घेता येते आणि आतली जागा अडत नाही. लाकूड मुरलेले हवे. पावसाळ्यात ते फुगते, म्हणून झडपेभोवती पैशाच्या जाडीइतकी फट ठेवावी. उंबरठा बाहेर उतरता करावा, वर छज्जा असावा. वावटळीत झडप आपटून काच फुटू नये म्हणून भक्कम आकडी हवी. आणि समोरच्या भिंतीतही वाट हवी. वारा आत आला नाही तर धूर बाहेर कसा जाणार?

वाचकहो, पेंढारी जाऊन दोनशे वर्षे झाली. या दिवाळीत भिंतींना रंग काढाल, तेव्हा घटकाभर स्वयंपाकघरात उभे राहा आणि वारा कुठून येतो ते पाहा. येत नसेल, तर रंगाचे पैसे सुताराला द्या.