किल्ली कोणाकडे? : ग्रामीण शाळांतील संगणकाची चार दशके

शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त जमणाऱ्या निधीतून धार जिल्ह्यातील एका ग्रामीण शाळेस संगणक आणि इंटरनेट जोडणी द्यावी, असा ठराव महोत्सव समितीने एकमताने संमत केला आहे. माजी विद्यार्थ्यांनी त्यास दिलेला प्रतिसाद मन भरून यावे असा आहे. मात्र या ठरावावर बोलताना बहुतेकांच्या तोंडी प्रश्न एकच होता : किती संगणक द्यायचे? मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, आणि ग्रामीण शाळांत संगणक नेण्याचे आपल्या देशातील प्रयत्न आता चाळीस वर्षांचे झाले आहेत. हा इतिहास वाचताना मला वाटू लागले की संगणकांच्या संख्येपेक्षा निराळाच प्रश्न आपण आधी विचारावयास हवा. तो म्हणजे, ज्या खोलीत हे संगणक राहणार तिची किल्ली कोणाकडे असणार?

शालेय संगणक शिक्षणाचा पहिला मोठा सरकारी प्रयोग १९८४-८५ मध्ये सुरू झाला. 'क्लास' या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या योजनेत देशातील सुमारे २५० शाळांना ब्रिटनमधील 'बीबीसी मायक्रो' हे संगणक देण्यात आले. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही तीत मावणार नाही. पडद्यावरची सारी भाषा इंग्रजी, आज्ञा इंग्रजी, पुस्तिका इंग्रजी. शिक्षकांना काही दिवसांचे प्रशिक्षण मिळे आणि ते शाळेत परतत तेव्हा त्यांच्यापुढे यंत्र एक किंवा दोन आणि मुले शेकडो असत.

या काळातील संगणक कक्ष आठवून आपले माजी विद्यार्थी नक्की हसतील. चपला बाहेर, खिडक्यांना जाड पडदे, यंत्रावर शिवून घेतलेले खोळ, आणि दाराला भले थोरले कुलूप. या कुलपाची थट्टा पुष्कळ झाली. त्यामागचे कारण मात्र फारसे कोणी सांगितले नाही. शासकीय असो वा अनुदानित, शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढते. ती हरवली किंवा मोडली तर तपासणीत उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते. वापरून बिघडलेल्या यंत्राचा जाब विचारला जातो. न वापरता धूळ खात पडलेल्या यंत्राचा कोणी विचारत नाही. असा हिशेब असता कोणताही शहाणा मुख्याध्यापक कुलूपच लावील. खेड्यात तर दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या गावीही मिळत नसे, त्यामुळे तेथील कुलूप अधिक घट्ट. यात कोणाचा आळस किंवा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही.

हे कुलूपच काढून टाकले तर काय होईल, याचा प्रयोग २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी भागात झाला. एनआयआयटी या संस्थेत काम करणारे सुगत मित्र यांनी कार्यालय आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यामधील भिंतीला भोक पाडून तेथे इंटरनेट जोडलेला संगणक बसविला. शिक्षक नाही, तासिका नाही, सूचना नाहीत. वस्तीतील मुले आली, हाताळू लागली आणि काही दिवसांत चित्रे काढण्यापर्यंत, संकेतस्थळे उघडण्यापर्यंत पोहोचली. मला यातील सर्वांत मोलाची वाटते ती मुलांनी घडविलेली भाषा. पडद्यावर फिरणाऱ्या बाणाला ती 'सुई' म्हणत, आणि यंत्र विचारात पडले की दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. परक्या वस्तूला आपल्या घरातले नाव दिले की तिची भीती निम्मी होते, हे भाषा शिकविणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

पुढे आपल्याच राज्यातील शिवपुरी येथे, उत्तर प्रदेशातील मदनतुसी या गावी आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातही असे भिंतीतले संगणक बसविले गेले. जगभर त्यांचा बोलबाला झाला. परंतु मार्क वॉरशॉअर या अमेरिकन अभ्यासकाने दिल्लीतील संगणक पाहिले तेव्हा त्याला इंटरनेट क्वचितच चालू आढळले, हिंदीतील उपयुक्त मजकूर जवळजवळ नव्हता, आणि संगणकासमोर गर्दी होती ती प्रामुख्याने मुलग्यांची. उत्तराखंडातील अलमोडा आणि हवालबाग येथे काही वर्षांनी पायल अरोरा गेल्या तेव्हा त्यांना बंद पडलेली केंद्रे दिसली. म्हणजे कुलूप काढल्यावर किल्ली आपोआप सर्वांच्या हाती येत नाही. ती धष्टपुष्ट मुलाच्या हाती जाते आणि यंत्र बिघडले की कोणाच्याच हाती राहत नाही. मुलींच्या शिक्षणात उभा जन्म घालविलेल्या माझ्यासारखीला यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

इंदूरहून जेमतेम ६०-६५ किलोमीटरवर असलेल्या धारचे नाव मराठी माणसास पवारांच्या संस्थानामुळे परिचित आहे. याच जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी 'ज्ञानदूत' हा प्रकल्प सुरू झाला. आदिवासीबहुल जिल्ह्यातील गावांत 'सूचनालये' उघडून ती जिल्हा मुख्यालयाशी संगणक-जाळ्याने जोडण्यात आली. बाजार समितीतील भाव, खसऱ्याची नक्कल, जातीच्या दाखल्याचा अर्ज, हापसा बंद असल्याची तक्रार, हे सारे गावातूनच व्हावे अशी कल्पना. केंद्र चालविणारा 'सूचक' हा स्थानिक शिकलेला तरुण. त्याला पगार नसे, लोकांनी दिलेल्या अल्प शुल्कावर त्याचे भागावे अशी योजना. त्याच वर्षी या प्रकल्पाला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे अहमदाबादच्या आय.आय.एम.मधील अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा प्रत्यक्ष वापर अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघाला. कारणे आपल्याकडील कोणीही सांगेल अशीच होती : वीज जाते आणि टेलिफोनची तार तुटते. तांब्याच्या तारेवरून डायल करून जोडणी मिळविण्याचा तो काळ होता.

ज्ञानदूत शाळेसाठी नव्हता. शाळांसाठी मध्य प्रदेशात राजीव गांधी शिक्षा मिशनने २००० मध्येच 'हेडस्टार्ट' हा कार्यक्रम हाती घेतला. आसपासच्या प्राथमिक शाळांचे केंद्र म्हणून काम करणाऱ्या माध्यमिक शाळांत, म्हणजे जनशिक्षा केंद्रांत, संगणक देण्यात आले. संगणक हा विषय शिकविण्यापेक्षा संगणकाच्या साहाय्याने गणित, भाषा, विज्ञान शिकवावे हा त्याचा हेतू होता, आणि तो काळाच्या पुढचा होता. शिकविण्याचे साहित्य हिंदीत तयार झाले, हेही विशेष. आपल्या लिपीचे संगणकावरील हाल तेव्हा कसे होते हे तरुण पालकांना सांगितले तर पटणार नाही. प्रत्येक फाँटचा संकेत निराळा. एका कार्यालयात टंकलेले हिंदी वा मराठी पत्र दुसरीकडे उघडले की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग. युनिकोड रुळेपर्यंत देवनागरीतून शिकणाऱ्या मुलाला संगणकाने दारातच थांबविले होते.

केंद्र सरकारची 'आयसीटी ॲट स्कूल' योजना डिसेंबर २००४ मध्ये आली. बऱ्याच राज्यांनी ती खासगी कंपन्यांना कंत्राटाने चालवावयास दिली. यंत्रे कंपनीची, निदेशक कंपनीचा, मुदत साधारण पाच वर्षांची; नंतर सारे शाळेच्या ताब्यात यावयाचे. कुलपाची किल्ली कंपनीच्या निदेशकाकडे राहिली. शाळेचे शिक्षक त्या खोलीकडे परक्या घराकडे पाहावे तसे पाहत. मुदत संपून निदेशक गेला की शाळेच्या ताब्यात येई ते पाच वर्षांचे जुने यंत्र आणि ते न शिकलेले शिक्षक.

याच्या नेमके उलट टोक महाराष्ट्रातील एका लहानशा वस्तीवर गाठले गेले. प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप द्यावा, ही अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटे यांची कल्पना २००५ पासून गाजत होती. तिला 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' म्हणत. २००७ पर्यंत त्याची किंमत १८८ डॉलरवर गेली होती. भारताच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारली. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक तातडीची आहे, असे खात्याचे म्हणणे होते. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाडा येथील शाळेत या लॅपटॉपचा भारतातील पहिला प्रयोग झाला. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि मुले २२. मुंबईपासून ही वाडी फार दूर नाही, तरी तिच्यात आणि मुंबईत एका शतकाचे अंतर असावे. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा तो लॅपटॉप मुलाचा स्वतःचा होता आणि तो घरी नेण्याची मुभा होती. येथे किल्ली थेट मुलाच्या हाती दिली गेली.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. आपल्या शिक्षणव्यवस्थेने धनगरवाड्यावरील मुलावर इतका विश्वास त्यापूर्वी क्वचितच टाकला होता. पण देशव्यापी असे त्यातून काही उभे राहिले नाही. पेरू देशाने हाच लॅपटॉप लाखोंच्या संख्येने वाटला. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मुलांच्या गणितात वा भाषेत सुधारणा दिसली नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते, आणि लॅपटॉप घेऊन काय शिकवावे याची तयारी शिक्षकांची करून घेतली गेली नव्हती. एकशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना वगळून मुलापर्यंत जाण्याचा रस्ता मला तरी माहीत नाही.

या साऱ्या इतिहासात यशाचे उदाहरण शोधावयाचे तर केरळकडे जावे लागते. तेथे २००१ च्या सुमारास 'आयटी ॲट स्कूल' सुरू झाले. केरळने कंपनीचा निदेशक नेमण्याऐवजी शाळेतल्याच शिक्षकाला प्रत्येक शाळेचा संगणक समन्वयक केले. तो गणिताचा असो वा भाषेचा, प्रशिक्षण त्याला, जबाबदारी त्याला आणि किल्लीही त्यालाच. मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारल्यामुळे परवान्याचा खर्च वाचला आणि पडद्यावर मल्याळम आणणे सोपे झाले. विषय परीक्षेत आल्यामुळे संगणक कक्ष बंद ठेवणे शाळेला परवडेना. २०१८ मध्ये 'लिटल काइट्स' ही विद्यार्थ्यांची मंडळे स्थापन झाली, आणि शाळेतील उपकरणांची देखभाल करण्यात मुलेमुली सहभागी होऊ लागली. हे एका वर्षात घडले नाही. सतरा-अठरा वर्षे सरकारे बदलली तरी काम बदलले नाही. आपल्याकडे योजनेचे नावच दर चार वर्षांनी बदलते.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांनी गेल्या दशकात निराळी वाट काढली. गावाने वर्गणी काढावी, शिक्षकांनी पदरमोड करावी आणि शाळा 'डिजिटल' करावी, अशी चळवळच उभी राहिली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि रकमेचा अर्धा भाग त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिला. पुस्तकावरचा हा चौकोन उघडण्यास संगणक कक्ष लागत नाही, घरातला मोबाइल पुरतो. मात्र त्यामुळे किल्ली वडिलांच्या खिशात गेली. करोनाच्या वर्षी हे लख्ख दिसले. 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. पण घरातला एकुलता एक फोन सकाळी कामावर जातो आणि रात्री परततो. तोवर पाठ संपलेला असतो. दोन भावंडे असतील तर तो आधी कोणाला मिळतो, हे सांगावयास नको.

शाळांची स्थिती केंद्राच्या यू-डायस अहवालातून कळते. देशातील इंटरनेट असलेल्या शाळा २०२१-२२ मध्ये ३३.९ टक्के होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के झाल्या. प्रगती आहेच. तरी त्या वर्षी जवळजवळ निम्म्या शाळा बाहेरच होत्या, आणि आपण निवडलेली शाळा त्यांतलीच एक.

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी माझे दोनदा सविस्तर बोलणे झाले. त्यांनी पाठविलेल्या यादीत संगणक चौथ्या क्रमांकावर आहेत. त्याआधी विजेचे अर्थिंग, बॅटरीसह इन्व्हर्टर आणि तीन वर्षांचे इंटरनेटचे देयक. संगणक त्यांनी सहाच मागितले आहेत. आपण वीस देणार होतो. उरलेल्या रकमेतून त्यांच्या दोन शिक्षकांचे, त्यांतील एक बाई आहेत, प्रशिक्षण व्हावे आणि दुरुस्तीसाठी वर्षाकाठी ठरावीक रक्कम बँकेत ठेवावी, अशी त्यांची विनंती आहे. आठवड्यातील दोन दिवस कक्ष केवळ मुलींसाठी राखण्याचे त्यांनी स्वतःहून सुचविले. माझी समितीस शिफारस अशी की ही यादी आहे तशीच मान्य करावी, आणि दिलेली यंत्रे वापरात मोडली तर त्याबद्दल शाळेस जाब विचारला जाणार नाही, असे देणगीपत्रात स्पष्ट लिहावे. इंदुरातील ज्या माजी विद्यार्थ्यांना महिन्यातून एक शनिवार धारच्या रस्त्याला लागणे शक्य आहे, त्यांनी आपली नावे शाळेच्या कार्यालयात नोंदवावीत. देवनागरी टंकलेखन शिकविणाऱ्यांची तेथे सर्वांत आधी गरज आहे.