परिवलनाचे सातत्य : जडत्वाच्या संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पृथ्वीला स्वतःभोवती फिरते कोण ठेवते, या प्रश्नाला अध्यापनात बहुधा ‘जडत्व’ असे एका शब्दात उत्तर दिले जाते. त्यातून जडत्व हे एखादे बल असावे, असा गैरसमज निर्माण होतो. या संकल्पनेचा इतिहास पाहिल्यास तो दूर होण्यास मदत होते.

चालकाचा शोध

ॲरिस्टॉटलच्या मते फेकलेल्या वस्तूला हातातून सुटल्यानंतर सभोवतालचे माध्यम पुढे नेते. चौदाव्या शतकात पॅरिस विद्यापीठातील झाँ ब्युरिदाँ याने भोवरा आणि धार लावण्याचे चाक यांच्या आधारे हे मत खोडून काढले. या वस्तू जागा न सोडता दीर्घकाळ फिरतात. मग हवा त्यांना मागून ढकलणार कशी? गतिमान वस्तूत एक ‘प्रेरणा’ साठवलेली असते आणि आकाशात विरोध नसल्याने ती क्षीण होत नाही, असे त्याने सुचविले. सतराव्या शतकाच्या आरंभी केप्लरने जडत्व हा शब्द वापरला. परंतु त्याच्या लेखी त्याचा अर्थ द्रव्याची स्थिर राहण्याची प्रवृत्ती एवढाच होता. त्यामुळे ग्रहांना फिरविण्यासाठी त्याला सूर्याकडून येणाऱ्या बलाची गरज भासली.

न्यूटनची मांडणी

न्यूटनने १६८७ मध्ये पहिला नियम मांडताना भोवऱ्याचेच उदाहरण घेतले. भोवऱ्याचा प्रत्येक कण जडत्वामुळे सरळ रेषेत जाऊ पाहतो. कणांना एकत्र धरून ठेवणारे बल त्याला सतत आत वळविते. ग्रहाच्या बाबतीत हे कार्य मुख्यतः गुरुत्वाकर्षण करते. ही अंतर्गत बले परिवलनाचा एकूण कोनीय संवेग बदलत नाहीत. म्हणून परिवलन टिकण्यास चालक लागत नाही. ते मंदावण्यास मात्र बाह्य कारण लागते.

अशा कारणाचा विचार कांटने १७५४ मध्ये मांडला : भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचे परिवलन मंदावत असले पाहिजे. प्राचीन ग्रहणांच्या नोंदींवरून दिवस शतकाला सरासरी सुमारे १.८ मिलिसेकंदांनी वाढत आल्याचे दिसते. पृथ्वीने गमावलेला कोनीय संवेग प्रामुख्याने चंद्राच्या कक्षेला मिळतो आणि चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो.

निष्कर्ष

या इतिहासात उत्तराआधी प्रश्न बदलला. ‘कोण फिरविते?’ याऐवजी ‘कोण थांबविते?’ असे विचारले गेले, तेव्हा जडत्वाचा खरा अर्थ स्पष्ट झाला. वर्गातही प्रश्नाचा हा बदल आधी समजावून द्यावा आणि व्याख्या त्यानंतर सांगावी, हे अधिक उचित ठरेल.