हृत्स्नायूच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न : के. ई. एम. मधील प्रयोग ते मूळपेशी-उपचार

हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा हृदयास रक्त पुरविणारी एखादी रोहिणी बंद पडते व तिच्यावर विसंबून असलेला स्नायू काही तासांत मृत होतो. त्या जागी नवा स्नायू येत नाही. वण तयार होतो. ज्या रुग्णास फलटणहून सुमारे ११० किलोमीटरवरील पुण्यास न्यावे लागते, त्याचे यांतील मोलाचे तास प्रवासातच जातात. मृत स्नायू पुन्हा सजीव करण्याच्या कल्पनेचे आकर्षण त्यामुळेच मोठे आहे.

महाराष्ट्रातील हृदयोपचारांचा इतिहास सांगताना डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात केलेल्या हृदयारोपणाचा उल्लेख हमखास येतो. भारतातील तो पहिला प्रयत्न होता. रुग्ण मात्र काही तासच जगला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यापूर्वीचे, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन अधिक महत्त्वाचे मानावे लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात रक्त कप्प्यातून थेट स्नायूत झिरपते. सेन, परुळकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व स्वीकारून कुत्र्यांच्या हृदयाच्या भिंतीत सुईने सूक्ष्म छिद्रे पाडली. रोहिणी बंद असली तरी स्नायू जगावा, हा हेतू. पुढे परदेशात सुईची जागा लेसरने घेतली आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्या उपकरणास मान्यताही मिळाली. परंतु छिद्रे कालांतराने बुजतात, असे अनेक तपासण्यांत आढळले. मूळ कल्पना सुंदर होती, हे मात्र मान्य करावयास हवे.

मूळपेशींची कथा याहून कटू आहे. २००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून अस्थिमज्जेतील पेशींपासून हृत्स्नायू तयार होतो, असा दावा झाला. त्याच वर्षी जर्मनीत रुग्णाच्या रोहिणीत त्याच्याच अस्थिमज्जेतील पेशी सोडल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये इतर प्रयोगशाळांना मूळ दाव्याचा पडताळा आला नाही. तरीही रुग्णांवरील चाचण्या चालूच राहिल्या. अखेर २०१८ मध्ये हार्वर्डने त्या दाव्यामागील प्रमुख संशोधक पिएरो अन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. सेन यांची छिद्रे बुजली, तो निसर्गाचा नकार होता. येथे नोंदींच्याच खरेपणाविषयी शंका निर्माण झाली.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूळपेशींचा नित्य उपचार रक्तविकारांसारख्या मोजक्या आजारांपुरता सीमित केला. हृदयविकारासाठी त्यांचा वापर मंजूर चिकित्सा-चाचणीतच करता येतो.