पंधरा रुपयांची तारामती

उमरीच्या फलाटावर उभे राहा आणि साल 1912 धरा. पाऊस सरला आहे, कापसाच्या गाड्या मोंढ्याकडे लागल्या आहेत. उमरी म्हटले की आज कुणालाही जानेवारी 1948 ची बँकेची लूट आठवते. ती अजून पस्तीस वर्षे लांब आहे. राज्य निजामाचे, गाडी मीटरगेजची, आणि ही गोदावरी व्हॅलीची लाइन सुरू होऊन जेमतेम बारा वर्षे झालेली. तुमच्या कनवटीला हाली रुपये आहेत. बाकावरचा म्हातारा तुमच्या बोचक्याकडे बघतो.

"कुठं जायलाव?"

"मुंबईला."

"मग हाली घेऊन काय करताव तिथं? कलदार करून घ्या आधी."

म्हातारा खरे बोलतो. निजामाचा शिक्का निजामाच्या हद्दीपुरता. तुम्ही एका दुकानात बट्टा भरून रुपये बदलता आणि गाडीत चढता. मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद. लाकडी बाकावर अंग आंबून जाते. हद्दीजवळ करोडगिरीचा शिपाई बोचके उलटेपालटे करतो, भाकरीचे फडकेसुद्धा सोडून बघतो. मनमाडला रूळ बदलतात, म्हणून गाडीही बदलते. हमाल पोती एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत फेकत असतात. त्यांच्या मधून वाट काढत तुम्ही जीआयपी रेल्वेची मोठी गाडी धरता. घाट उतरून बोरीबंदर. तिथून ट्राम. पाच वर्षांपूर्वीच ती विजेवर चालायला लागली आहे आणि घोड्यांची सवय झालेले लोक अजून तिच्याकडे वळून बघतात.

ग्रँट रोडला उतरा. थिएटरे, पारशी नाटक कंपन्यांच्या जाहिराती, आणि भिंतीला भिंत लावून उपाहारगृहे. त्यांतल्या एकात शिरा आणि चहा सांगा. मुदपाकखान्याच्या दाराशी जो सडपातळ मुलगा दिसतो तो अण्णा हरी साळुंके. इथे आचारी आहे. पगार महिना दहा रुपये.

पलीकडच्या टेबलावर चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ बसले आहेत. चहा निवत चालला आहे आणि त्यांची नजर त्या मुलाच्या हातांवर आहे. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870 चा. याच वर्षी ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले आहेत. विम्याची पॉलिसी गहाण पडली आहे, घरातले दागिने गेले आहेत. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट करायचा आहे. हरिश्चंद्र ठरला: दत्तात्रय दामोदर दाबके. रोहिदासासाठी घरचाच मुलगा भालचंद्र आहे. तारामती मात्र मिळत नाही. जाहिराती देऊन झाल्या, नाटकवाल्यांकडे जाऊन झाले. याच ग्रँट रोडच्या मागच्या गल्ल्यांत, जिथे बायका पोटासाठी दारात उभ्या राहतात, तिथेही ते गेले. कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे म्हटल्यावर त्या बायकांनीही नकार दिला. आता पंधरा रुपयांचा आकडा निघतो आणि आचारी कबूल होतो.

या क्षणाचे फार कौतुक करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यात कौतुकापेक्षा हिशेब जास्त दिसतो. दहाचे पंधरा होत असतील तर कोण नको म्हणेल?

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या 42व्या रस्त्यावर एक नवे थिएटर उघडले आहे, त्याला नाव ज्युलियन एल्टिंज या नटाचे. एल्टिंज स्त्रीवेषासाठीच गाजलेला. पुढे 1917 मध्ये 'द काउंटेस चार्मिंग'सारख्या मूकपटांतही तो तेच करील. तिकडे स्त्रीपार्टी नटाच्या नावाचे थिएटर, इकडे पाच रुपयांची पगारवाढ. आपल्या रंगभूमीवरही बालगंधर्व होतेच, पण बालगंधर्वांना गळा होता. आंधळा माणूससुद्धा तिकीट काढून त्यांची शकुंतला ऐकू शकत होता. अण्णांकडून पडदा गळा आधीच काढून घेणार. उरणार काय, तर मनगट, मान, चाल आणि नऊवारी.

आता दादरला चला. दादर मेन रोडवर मथुरा भवन. (तुमच्या काळात त्या रस्त्याला फाळक्यांचेच नाव आहे.) दार उघडेच आहे. आत लुगडी नेसलेले पुरुष बसून तांदूळ निवडत आहेत. स्त्रीभूमिका करणाऱ्यांनी घरातही लुगड्यात राहायचे, निवडणे-टिपणे, झाडलोट करायची, म्हणजे हालचाल अंगात मुरते, असा फाळक्यांचा दंडक होता असे सांगतात. बाकीचे कंटाळले आहेत. आचाऱ्याला सूप धरायला कुणी शिकवावे लागत नाही. त्याची बोटे खडे बरोबर टिपतात, कोपर अंगाशी असते, पदर मांडीवर नीट पडलेला असतो. तिथे थोडा वेळ उभे राहा, कारण पुढे पडद्यावर जे दिसणार आहे त्याचा सराव हा आहे.

मिशांचा तंटा मात्र तुम्हाला अंगणापर्यंत ऐकू येतो. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची कशी? ज्याला राणी किंवा दासी व्हायचे त्याने ओठ तुळतुळीत करायचा, आणि गावाकडे कुणी विचारले तर काय सांगायचे? फाळके सगळ्यांना सांगून ठेवतात की, आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे बाहेर सांगा. फॅक्टरी म्हटले की लोक गप्प बसतात. सिनेमा म्हटले तर मुलगी देणार नाहीत.

चित्रण उन्हात. ढग आला की काम बंद. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हाची तिरीप नटांच्या तोंडावर पाडतात. दिवसभर सगळ्यांचा स्वयंपाक आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडणे, धुणे, हे त्यांच्याचकडे. त्यांचे नाव पाटीवर कुठेही नाही. बाहेरचे चित्रण वांगणीला आहे. तिथे ढालतलवारी घेतलेली ही टोळी बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि फौजदाराने सगळ्यांना अडकवले, ही हकिगत तर प्रसिद्धच आहे. त्या टोळीत तुमच्या ओळखीची एक राणीही होती.

सहा महिने आणि सत्तावीस दिवस लागतात. 21 एप्रिल 1913 ला ऑलिम्पियात निमंत्रितांना खेळ दाखवतात. तिथे तुम्हाला कोण बोलावणार? तुम्ही 3 मे ला सँडहर्स्ट रोडवरच्या कोरोनेशनमध्ये पैसे टाकून बसा. चार रिळे, 3700 फूट. मधल्या पाट्या हिंदी आणि इंग्रजी. ज्याला वाचता येते तो मोठ्याने वाचतो आणि बाकीचे त्याच्यावर खेकसतात.

हौदाचा प्रसंग येतो. तारामती सख्यांसह पाण्यात आहे, ओली लुगडी अंगाला चिकटली आहेत, आणि हौदातले सगळेच्या सगळे पुरुष आहेत. तुम्हाला ते माहीत आहे, कारण तुम्ही त्यांना तांदूळ निवडताना पाहिले आहे. शेजारच्या बाईला माहीत असले तरी फरक पडत नाही. राजा आत येतो, तारामती वळते, आणि त्या वळण्यात सावरासावर, लाज आणि किंचित राग असे सगळे एकदम असते. त्यात एकही शब्द नाही.

पुढे सुरतेला तिकिटे खपेनात तेव्हा जाहिरात केली गेली की 57 हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सगळे तीन आण्यांत. तुम्ही बाजारगावचे आहात, हिशेब करून बघा. फुटाला सोळा चित्रे धरली तर 57 हजारांचे साधारण साडेतीन हजार फूट होतात. म्हणजे चित्रांचा आकडा प्रामाणिक आहे. दोन मैल म्हणजे मात्र साडेदहा हजार फूट. मापात तिप्पट फसवले! पण गिऱ्हाईक आले.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. म्हणजे बाई पडद्यावर आली. अण्णांची गरज संपली असे कुणालाही वाटेल. पण एक मायलेकींची जोडी आली म्हणून दार सताड उघडले असे झाले नाही. इतर घरांतल्या बायका यायला आणखी बरीच वर्षे लागली. म्हणून चार वर्षे ओलांडून 1917 मध्ये या. फाळके एव्हाना नाशिकला गेले आहेत. गिरगावात, वेस्ट एंड थिएटरात त्यांचा 'लंकादहन' लागला आहे.

रांग रस्त्यावर वळसा घेऊन गेली आहे. सकाळी सुरू झालेले खेळ मध्यरात्रीपर्यंत चालू आहेत. रेटारेटीत तुमचा अंगरखा फाटतो आणि तुम्ही आत ढकलले जाता. राम पडद्यावर येतो. आजूबाजूचे लोक चपला काढतात. तुम्हीही काढता, कारण एकट्याने पायात ठेवणे बरे दिसत नाही. थोड्या वेळाने अशोकवनात सीता दिसते. तुम्ही डोळे बारीक करता. तीच हनुवटी, तीच बोटे. राम अण्णा साळुंके आहेत आणि सीताही अण्णा साळुंकेच. भारतीय पडद्यावरची पहिली दुहेरी भूमिका म्हणून आज ती नोंदली जाते. गोष्टीचीही साथ आहे: लंकेच्या कथेत बहुतेक वेळ राम इकडे आणि सीता तिकडे. गणपत शिंदे हनुमान झाले आहेत आणि त्यांनी उडी घेतली की पोरे बाकावर चढतात.

खरे सांगायचे तर सीतेचे दंड जरा जास्तच भरलेले आहेत. पाच वर्षांपूर्वीचा सडपातळ आचारी आता गडी झाला आहे आणि पदराखाली स्नायू लपत नाहीत. हे तेव्हाच्या काहींनाही दिसत होते. पण हनुमान अंगठी पुढे करतो तेव्हा ती घेणारा हात पाहा. तो हात दंडाचा विसर पाडतो. मला विचाराल तर राम ठीकठाकच आहे, उभा राहतो आणि बघतो. सीता काम करते. बाईचे सोंग घेतल्यावर या माणसाला जी मोकळीक मिळते, ती देवाच्या मुकुटाखाली मिळत नाही.

मद्रासेत या चित्रपटाच्या तिकिटांची नाणी बैलगाडीत घालून पोलिस बंदोबस्तात न्यावी लागली. चिल्लर इतकी होती. तिच्यातले नटाच्या हातावर किती पडले असेल, याचा अंदाज कंपनीच्या नोकरदाराने मनातल्या मनात करावा.

यानंतर अण्णा पडद्यावर कमी दिसू लागतात. ते कॅमेऱ्याच्या मागे गेले आहेत. 1918 मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, तिथे ते छायालेखक झाले आणि पुढची सगळी वर्षे हँडल फिरवण्यात गेली. नायिका, मग एकाच खेळात नायक आणि नायिका, मग कॅमेरामन. 1931 मध्ये 'आलम आरा' बोलायला लागला आणि त्यांचा काळ संपला.

निजामाच्या मुलखात यांतले काय पोचले असते हाही प्रश्नच. 1922 मध्ये धीरेन गांगुलींनी हैदराबादला लोटस फिल्म कंपनी काढली आणि 1924 मध्ये 'रझिया बेगम' दाखवल्यावरून निजामाने त्यांना राज्याबाहेर घालवले. उमरीच्या माणसाने पडदा बघायचा तर बट्टा भरून मनमाडमार्गेच जावे, हे काही खोटे नव्हते.

आता परत या. उमरीवरून ब्रॉडगेज धावते आणि मनमाडला पोती फेकणारे हमाल नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि ती 1913 ची की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासक भांडतात. 'लंकादहन'चे तुकडे उरले आहेत. हौदाचा प्रसंग शाबूत आहे. तो मोबाइलवरही बघता येतो, अर्ध्या तासाचेही काम नाही.

फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 पासून दिला जातो आणि तो पहिल्यांदा मिळाला देविका राणी या नायिकेला. ते योग्यच झाले. पण भारतीय नायिकांची यादी कधी करायला बसलात तर पहिल्या ओळीवर अण्णा साळुंके लिहा, आणि पुढच्या रकान्यात मानधनही टाका: महिना पंधरा रुपये, कलदार.